उरलेलं सोमवारी वाचू

फाइल अर्धी वाचून झाली होती. शनिवारी दिवे लागायच्या सुमारास हेमराजभाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला, स्क्रीनवर जिथं थांबलो होतो त्या ओळीत पिवळा रंग भरला आणि म्हणाले, "बस झालं आज. डोळे थकले का माणूस नसलेल्या गोष्टीलेबी हव म्हणते. उरलेलं सोमवारी वाचू." मी म्हटलं, "भाऊ, सोमवारी सकाळी फाइल द्यायची कबूल केलीय आपण." तर म्हणाले, "संध्याकाळी देऊ. पूल काय पळून चालला का?" आणि जिना उतरले. खाली टायरच्या दुकानदाराशी काहीतरी बोलून हसल्याचा आवाज आला, मग स्कूटरचा. रविवारी सकाळी मी पोहे भिजवत होते, तेव्हा एकोडीहून त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. "ताई, भाऊजी गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" ... खरंच असंच विचारलं मी. भाऊंनी अंगणात खाटेवर बसून चहा घेतला होता, कप खाली ठेवला होता, आणि सुमनवैनी तो उचलायला आल्या तोवर सगळं संपलं होतं.

आता दीड महिना होत आला. या दीड महिन्यात मला भेटलेल्या प्रत्येकानं एकच विचारलं, "आता ऑफिसचं काय?" काहींनी काळजीनं विचारलं, काहींनी चौकशी म्हणून. त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं आणि भाऊ कोण होते तेही सांगावं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं काम काय, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. साकोलीत टायरच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं समोरासमोर, दोन कॉम्प्युटर पाठीला पाठ लावून. पूल असो, कालवा असो, धानाचं गोदाम असो, कोणतंही मोठं बांधकाम सुरू व्हायच्या आधी त्याचं वेळापत्रक तयार होतं. त्यात शेकडो कामं असतात. कोणतं काम कोणाच्या मागे, मध्ये किती दिवस थांबायचं, कोणत्या दिवशी मजूर येणार नाहीत, असं सगळं एकमेकांत गुंतवलेलं. कंत्राटदाराकडे हे वेळापत्रक एका प्रोग्राममध्ये असतं आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या सल्लागाराला हवं असतं दुसऱ्याच प्रोग्राममध्ये. ते या प्रोग्राममधून त्या प्रोग्राममध्ये नीट नेऊन द्यायचं, हा आमचा धंदा. लोक विचारतात, "म्हणजे बटण दाबायचं ना?" मला या प्रश्नाचा भयंकर राग येतो. भाऊंना हसू यायचं. ते म्हणायचे, "हव, बटणच दाबतो. तुम्ही चहा घ्या."

दोन्ही प्रोग्रामांना त्यांनी नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. म्हणायचे, "एका घरातल्या दोघी जावा आहेत ह्या. स्वयंपाक दोघींलेबी येते. पण थोरलीनं तिखट कोणत्या डब्यात ठेवलं ते धाकटीले सापडत नाही, अन् ती सासूले विचारतबी नाही. मीठ टाकून मोकळी होते." आणि हे अगदी खरं आहे. थोरलीत दिवसाचे तास वेगळे धरलेले असतात, धाकटी ते आपल्या हिशोबानं धरते, आणि पाच दिवसांचं काम आठ दिवसांचं होऊन बसतं. थोरलीत दोन कामांना दोन दोऱ्यांनी बांधता येतं, धाकटी त्यातली एक सोडून देते. आणि वर चूक दिसत नाही ती नाहीच. तारखा सुबक, पट्ट्या रंगीत, खाली पान क्रमांक. भाऊ एकोडीचे धानवाले, त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "पानं आली, मुळं राह्यली." धानाचे परे, म्हणजे लहान रोपं, एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, काढून दुसऱ्या बांधीत रोवायचे तर मूळ शाबूत यायला हवं. तारखा ही पानं. ती कोणीही आणतो.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती महामार्गावरच्या एका उड्डाणपुलाच्या कामावर. मी नागपुरातून इंजिनियर होऊन, लग्न करून साकोलीला आलेली. नवऱ्याची बँकेतली नोकरी, आणि मला घरी बसवेना. भाऊ तेव्हा त्या कंत्राटदाराकडे नियोजनाचं काम पाहायचे. त्याआधी छत्तीसगडात वीज प्रकल्पांवर आयुष्यातली बरीच वर्षं काढून, "आता बांधीजवळ राहायचं" म्हणून परत आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं. "तू थोरलीतून वाच. मी धाकटीत पायतो." मी म्हटलं, "सगळं? मोठ्यानं?" म्हणाले, "काहून, लाज वाटते का?" मग मी वाचायला लागले. कामाचं नाव, सुरुवात, शेवट, कोणाच्या मागं, किती थांबून. प्रत्येक ओळीला समोरून "हव". आमच्याकडं पाहुण्यांशी बोलताना 'हो' म्हणतात, घरात 'हव'. मी वाचत गेले, ते हव म्हणत गेले, आणि तासाभरानं मला वाटायला लागलं की मी कोणाच्या तरी घरी पोथी सांगायला बसले आहे, फक्त प्रसाद मिळणार नाही. तेवढ्यात एका ओळीला हव आलं नाही. मी थांबले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी मान तिरकी करून पलीकडे पाहिलं, तर भाऊ चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे बघत गप्प. मग हळूच म्हणाले, "पुन्हा वाच बरं."

ही त्यांची रीत होती. चूक सापडली की "चूक आहे" असं ते कधीच म्हणायचे नाहीत, गप्प व्हायचे. पुढं माझ्या कानांना इतकी सवय झाली की मी खाली मान घालून वाचत असले तरी हव यायला जरा उशीर झाला की माझं बोट त्या ओळीवर थांबायचं. पुढं आम्ही दोघांनी नोकरी सोडून ही खोली घेतली तेव्हा त्यांचे जुने साहेब म्हणाले होते, "अहो, साकोलीत बसून कोण देणार तुम्हाला कामं?" कामं आली. नागपूरहून आली, रायपूरहून आली. कारण ज्यांची फाइल आमच्याकडून गेली त्यांना सल्लागारानं ती परत पाठवली असं फार क्वचित झालं. हे मी तोऱ्यात सांगते आहे, आणि तोरा करण्यासारखंच काम होतं ते. आता दोन फाइलींची तुलना करून देणारे प्रोग्रामही निघालेत. आम्ही तेही वापरायचो. भाऊ काही यंत्राचे वैरी नव्हते. पण ते प्रोग्राम फरकांची एवढी मोठी रास ओतून देतात की त्यात फसवा फरक कोणता, हे कळायला पुन्हा वाचायलाच बसावं लागतं.

भाऊंची दुसरी रीत म्हणजे त्यांचं 'गावचं कॅलेंडर'. सरकारी सुट्ट्या, रविवार हे सगळे जण धरतात. भाऊ त्यात रोवण्याचे दिवस धरायचे, धानकापणी धरायचे, दिवाळीनंतर ज्या गावचे मजूर त्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, धरायचे, आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं तोडायचे दिवस. प्रत्येक कामाच्या वेळी ते नव्यानं फोन लावायचे. "काय गा, यंदा तुमच्या इकडं पत्ता कवा सुरू होऊन राहिला?" शहरातले लोक या कॅलेंडरला हसायचे. एका बैठकीत एक तरुण इंजिनियर म्हणाला, "सर, असं कॅलेंडर कुठल्याच नियमात नाही." भाऊ शांतपणे म्हणाले, "नियमात नाही बापू. जंगलात आहे."

ती बैठक होती तलावाची. कोंढ्याच्या पलीकडच्या एका गावाचा जुना तलाव. त्याची पार, म्हणजे मातीचा बांध, मधोमध खोदायची, पाणी सोडायचं जुनं दगडी तुडूम काढायचं, काँक्रीटचं नवं दार बसवायचं आणि पावसाच्या आधी पार पुन्हा बंद करायची. पार उघडी राहिली आणि पाऊस आला तर दोन गोष्टी होणार होत्या. तलावात थेंब ठरणार नव्हता, म्हणजे गावाचं वर्षाचं धान गेलं. आणि खाचेतून निघालेलं पाणी सरळ खालच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीतल्या, घरांत जाणार होतं. वेळापत्रक मुळात भाऊंनीच थोरलीत केलं होतं. पण सल्लागारानं ते धाकटीत मागितल्यावर कंत्राटदाराच्या मुख्य कार्यालयानं घाईघाईत स्वतःच बदलून घेतलं. आणि काय आश्चर्य, काम चांगलं पंधरवडाभर आधी संपताना दिसायला लागलं! सगळे खूश. जिलेबी वाटली म्हणे. वेळ हातात आहे म्हणून पार खोदायची तारीखही पुढं फेब्रुवारीत ढकलली, आता कशाला घाई. मग ती फाइल आमच्याकडे आली. निरोप असा, की फक्त एक नजर टाका.

एक नजर टाकणं भाऊंना येतच नव्हतं. आम्ही वाचायला बसलो. वैनींनी दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे मध्ये ठेवलेले, एक वडा एक पान असा आमचा वेग. मी वाचलं, "पार बंद करणे, मातीकाम. सुरुवात, मेचा पहिला आठवडा." समोरून काही नाही. मला वाटलं वडा तोंडात असेल. "भाऊ, हव म्हणा ना." काही नाही. मी उठून त्यांच्या बाजूला गेले. ते स्क्रीनकडे बघत नव्हतेच, खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "अर्चना, मे महिन्यात पारेवर माती कोण टाकून राहिलं वं? सारे तं पत्त्यावर असतीन." गावचं कॅलेंडर धाकटीत आलंच नव्हतं. तेंदूची पानं तोडायला त्या दिवसांत झाडून सारं घर पहाटे जंगलात जातं, दुपारी आल्यावर म्हातारी माणसंही पानांचे पुडे बांधायला बसतात. त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्या कामावर मजूर मिळत नाही, काही करा. "पानं आली, मुळं राह्यली," भाऊ म्हणाले, आणि त्या वेळी त्यांना हसू आलं नाही.

त्यांच्या जागी मी असते तर कंत्राटदाराला फोनवर चार शब्द सुनावले असते. माझा स्वभाव तसाच आहे. भाऊ म्हणाले, "थांब वं. ओरडून कॅलेंडर नाही बदलत." ते बैठकीला गेले आणि मला घेऊन गेले. जंगलाचं ते वाक्य तिथलंच. कंत्राटदाराचा मॅनेजर परप्रांतातला होता, माणूस भला, पण वरून दाबलेला. आधी संपायची तारीख त्यानं वरिष्ठांना कळवून टाकली होती. तो म्हणाला, बाहेरून मजूर आणतो. भाऊ म्हणाले, "आणा. पण तलाव कोरडा असताना मे महिन्यात त्यायच्या पाण्याची सोय कोठून करसान? गावच्या बोअरिंगवर आधीच रांग राहते." मग भाऊंनी मॅनेजरला जीपमध्ये घातलं आणि त्याच दुपारी गावात नेलं. बोअरिंगवर बाया होत्या. भाऊंनी त्यातल्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, मे महिन्यात येसान का पारेवर कामाले?" म्हातारी हंडा खाली ठेवून म्हणाली, "पत्ता सोडून? काहून गा, डोस्कं फिरलं का तुमचं?" सगळ्या बाया खदखदून हसल्या. मॅनेजरला मराठी जेमतेमच कळायची, पण हे त्याला भाषांतर न करता कळलं.

परत येताना जीपमध्ये भाऊंनी त्याला उपायही सांगितला. धान कापून झालं की लगेच पार खोदा, फेब्रुवारीची वाट पाहू नका. दाराचे काँक्रीटचे तुकडे त्याआधीच बाजूला पाडून ठेवा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत मजूर अर्धे येतील असं धरा, आणि पत्ता सुरू व्हायच्या आत माती दाबून मोकळे व्हा. मॅनेजर म्हणाला, "लेकिन ऊपर क्या बोलूँ? अच्छी तारीख बोल चुका हूँ." भाऊ म्हणाले, "बोलो के तारीख अच्छी थी, सच्ची नहीं थी. मैं साथ में बैठता हूँ." आणि बसले. नागपूरला त्याच्याबरोबर गेले, तीन-चार साहेबांपुढं दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि कोणाचंही नाव न घेता सगळं समजावून दिलं. माझ्या ओठांवर दहादा आलं, की सांगा ना, कोणी बटण दाबलं ते! भाऊंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला होता. पार एप्रिलात बंद झाली. पोळ्याच्या सुमारास आम्ही दोघं मुद्दाम तिकडं गेलो, तर तलाव काठोकाठ आणि खालच्या बांध्या हिरव्यागार. बोअरिंगवाली म्हातारी पारेवर शेळ्या चारत होती. भाऊंनी तिला राम राम केला. तिनं काही त्यांना ओळखलं नाही. येताना ते स्कूटरवर गुणगुणत होते, सूर अर्थातच भयानक होता.

असा माणूस. जुलैत रोवण्याला आमचं ऑफिस बंद असायचं. नागपूरचे लोक फोनवर "काय? रोवणा?" असं किंचाळायचे, आणि भाऊ तिकडं गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांना म्हणायचे, "हव साहेब, आपल्या कॅलेंडरमधी होतं हे." चिडवण्यात तर हात धरणारा कोणी नव्हता. मी रागावले की टायरवाल्याला हाक मारायचे, "शेठ, वरते हवा जास्त झाली, काढून द्या जरासी." मला एकदा कावीळ झाली होती, तेव्हा मोठं काम हातातलं सोडून रोज दुपारी माझ्या घरी यायचे, पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मी प्रत्येक बातमीला हव म्हणायचं. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, हे दोघं वेडे आहेत. मला सख्खा भाऊ नाही. राखी मी त्यांना कधी बांधली नाही, तसलं काही आमच्यात नव्हतं, पण त्या रविवारी एकोडीच्या अंगणात मी ज्या रितीनं रडले ते पाहून गावातल्या एका बाईनं वैनींना विचारलं, "ह्या यायच्या बहीण का?" आणि वैनी म्हणाल्या, "हव."

त्या अंगणात, प्रेत अजून उचललं नव्हतं तेव्हा, ज्याची ती अर्धी फाइल होती तो कंत्राटदार आला. चिखल्याकडच्या रस्त्यावर एका नाल्याचा पूल बांधतो आहे तो. खाणीचे ट्रक, तिथल्या कॉलनीतली शाळेची पोरं, सगळं त्याच पुलावरून जाणार. हार घातला, हात जोडले, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, फाइलचं कसं?" मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो आला होता त्याच दिशेनं मागं सरकला. तेरवी झाल्यावर त्याचा फोन आला. तेव्हा आवाज नरम होता. "मॅडम, समजतं मला. पण कॉम्प्युटरनं तर बदलून दिलंच आहे ना सारं? अर्धं तुम्ही वाचलंही आहे. तशीच पाठवून द्या. बाकीचं कोण पाहतं?"

कोण पाहतं! हाच प्रश्न होता, आणि तो फक्त त्याच्या पुलाचा नव्हता. फाइल तशीच पाठवली असती तर पैसे मिळाले असते, कोणी बोललं नसतं, आणि कदाचित चूकही नसती निघाली. पण त्या दिवसापासून आमची खोली खरोखरच बटण दाबायची खोली झाली असती. भाऊंनी आयुष्यभर हसत हसत ज्याला नाही म्हटलं, ते त्यांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी कबूल केलं असतं. आणि दुसरीकडं, वाचायचं कसं? या कामाला दोन माणसं लागतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पाहायचं. आपणच वाचलेलं आपण पाहिलं की डोळे लबाडी करतात, असायला हवं ते दिसतं. नवरा बसतो म्हणाला. पण त्याला दोऱ्या-गाठी कळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला समोर दुसरं कोणी नको होतं. इतक्यात नको होतं. मी कंत्राटदाराला सांगितलं, "सोमवारी देते. वाचून देते." तो म्हणाला, "कोणता सोमवार?" मी म्हटलं, "हा येणारा."

त्या शनिवारी सुमनवैनी आल्या. भाऊंच्या जवळची ऑफिसची चावी द्यायला. जिना चढून दमल्या होत्या, पण बसल्या नाहीत. भाऊंच्या खुर्चीवर पाठीला लावायची उशी होती, वैनींनीच शिवलेली, ती त्यांनी उगाच झटकली आणि परत तिथंच ठेवली. मी म्हटलं, "वैनी, खुर्ची, चष्म्याचं घर, जे न्यायचं ते न्या." त्या म्हणाल्या, "कायले वं? घरी त्यायची खाट आहे. ही तं कामाची खुर्ची. राहू दे, कोणीतरी बसंल." मग कॉम्प्युटरकडं पाहून म्हणाल्या, "घरीबी असेच करत. मी काही बोललो अन् पटलं नाही का गप. तीस वर्षं मी त्यायच्या गप्प राहण्यावरूनच संसार केला." हसल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. मीही लावला. खाली टायरवाल्यानं त्यांना रिक्षात बसवून दिलं.

सोमवारी सकाळी मी एकटीच ऑफिसात गेले. दोन्ही कॉम्प्युटर सुरू केले. त्यांच्या स्क्रीनवर त्यांनी भरलेली पिवळी ओळ तशीच होती. मी माझ्या जागेवर बसून पुढची ओळ मोठ्यानं वाचली. कामाचं नाव, सुरुवात, शेवट, कोणाच्या मागं, किती थांबून. समोरून काही आलं नाही... अर्थातच नाही येणार, पण इतक्या वर्षांची सवय झालेले माझे कान, त्यांना काय माहीत! बोट त्या ओळीवर थांबलं. ते गप्प आहेत म्हणजे इथं काहीतरी आहे. मी उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडं गेले, वाकून पाहिलं. बरोबर होतं. परत आले, पुढची ओळ वाचली. पुन्हा तेच. प्रत्येक ओळीला गप्प, प्रत्येक ओळीला मी उठून बघून यायची. त्यांच्या खुर्चीवर मी बसत नव्हते, वाकूनच पाहत होते. टायरवाल्यानं खालून ओरडून विचारलं, "मॅडम, वरते कोणी आहे का? आवाज येऊन राहिला." मी म्हटलं, "आम्हीच आहोत."

चहाची वेळ होऊन गेली, पाठ मोडून आली. तेव्हा मी वाचलं, "स्लॅबखालचं सेंटरिंग काढणे. कोणाच्या मागं, स्लॅब टाकणे." ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून जे टेकण दिलेलं असतं ते सेंटरिंग. माझ्या स्क्रीनवर थांबायचे दिवस लिहिलेले होते, पुरते. मी वळसा घालून गेले. त्यांच्या स्क्रीनवर त्या जागी शून्य. आज स्लॅब टाका, उद्या टेकण काढा. धाकटीनं दोरी आणली होती, थांबणं आणलं नव्हतं. साइटवरचा कोणी शहाणा माणूस असं करणार नाही हे मला माहीत आहे. पण घाईच्या दिवसांत कोणीतरी कागद दाखवतं आणि म्हणतं, इथं तर उद्याच लिहिलंय! खाली मजूर असतात तेव्हा. माझे ओठ मिटलेले, चष्मा कपाळावर, नजर त्या शून्यावर. आणि मग लक्षात आलं की मी अगदी त्यांच्यासारखी गप्प झाले आहे, आणि हे असं उभ्यानं करायचं काम नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसले. उशी पाठीला बरोबर लागली.

शून्य खोडलं, दिवस भरले. त्याच्या मागं बांधलेली सगळी कामं एकेक करून पुढं सरकली आणि पूल पूर्ण व्हायची तारीख लांबली. कंत्राटदार कुरकुर करणार होता. करू दे, मी आहे त्याला समजवायला. ती ओळ मी पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. नाव, सुरुवात, शेवट, कोणाच्या मागं, किती थांबून. आणि त्या खुर्चीतून, इतकी वर्षं या टेबलावर समोरून ऐकत आले तो शब्द, कामाच्या ओळीला पहिल्यांदाच, माझ्या तोंडून आला.

"हव," मी म्हटलं, आणि पुढच्या ओळीकडं गेले.